पिंजलेला गुरुवार

थंडी पडायच्या आधीच मी थंडीची यादी करते. या वर्षीची स्वयंपाकघराच्या कपाटावर आतून चिकटवली आहे. तिळाचं तेल, मुलांचे स्वेटर, मागच्या खिडकीची फुटकी काच, आप्पांकडून गुळाची ढेप, रजया पिंजून घेणं. काम झालं की पुढे बरोबरची खूण. यंदा चार कामांपुढे खुणा झाल्या. पाचव्यापुढे मी फक्त 'रविवारी' असं लिहिलं आणि तेव्हापासून शाळेच्या कार्यालयात माझं लक्ष लागत नाही. पगारपत्रकाची बेरीज दोनदा चुकली. शिपाई म्हणाला, "बाई, बरं नाही का?"

बरं नसायला काय झालंय. रविवारी खातूनबी येणार आहे.

रजया ती दरवर्षीच करते. पण रजई शिवून झाली, दोरा दातानं तोडला की ती एक गोष्ट मागते, आणि ती आजवर तिला माझी आई देत आली. आई उन्हाळ्यात गेली. म्हणजे या वर्षी ती मला द्यायला लागणार. जमेल की नाही कोण जाणे, पण ही भीती नाही, हे नक्की. परीक्षेच्या आदल्या दिवशी, अभ्यास झालेला असताना जे होतं, तसं काहीतरी आहे.

दिवाळी संपली की आमच्या गडमुडशिंगीकडे हवेलाच गोडी चढते. गुऱ्हाळं लागतात. चिपाडांचा धूर, उकळत्या रसाचा वास, त्यात काहिलीवरून, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवरून, काढून टाकलेल्या मळीचा आंबूस पदर. एसटीच्या खिडकीतून तो आत येतो आणि शेजारची बाई नाकाला पदर लावते, तर मी खिडकी आणखी उघडते. कुणाला त्या वासानं गरम गूळ आठवतो, कुणाला काकवी. मला रेडिओवरच्या निवेदिकेचा आवाज आठवतो. "आता ऐकू या" असं म्हणून ती जरा थांबायची. त्या थांबण्यात आमच्या घरापुढच्या सोप्यावरच्या सगळ्या बायका श्वास आत घ्यायच्या.

आता उसाचा आणि निवेदिकेचा संबंध काय, तो सांगते.

आमचं घर जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा नियम. आई तर दिवस बुडायच्याही बऱ्याच आधी सगळं उरकायची. काठावर जेवणं तिला आवडत नसे. गाडी सुटताना पळत जाऊन धरणाऱ्या माणसासारखं ते वाटतं, असं तिचं म्हणणं. हिवाळ्यात दिवस लहान. त्यामुळे साडेपाचच्या सुमाराला आमच्याकडे भांडी घासून पालथी पडलेली असायची आणि चूल विझलेली. बाकी गावात त्याच वेळी चुली पेटायच्या. शेजारच्या शेवंताकाकीचा दिवस तिथून पुढे सुरू व्हायचा आणि माझ्या आईचा संपायचा. पुरुष सगळे गुऱ्हाळावर. म्हणजे गावात त्या घटकेला हात रिकामे असलेली बाई एकच, माझी आई. आणि घरात रेडिओ.

रेडिओ माझ्या वडिलांनी, आप्पांनी, घेतला होता तो गुळाच्या बाजारभावासाठी. सकाळी भाव ऐकून झाले की त्यावर क्रोशाचं फडकं पडायचं. संध्याकाळी तो कुणाचाच नसायचा. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. एका गुरुवारी घरी आल्यावर सहज काटा फिरवला, तर कुणीतरी कवितेबद्दल बोलत होतं. वाचून दाखवत नव्हतं. कवितेबद्दल बोलत होतं, जसं आप्पा बैलाबद्दल बोलायचे: याचे खांदे बघा, हा इथं दबतो, इथं उचलतो. आई भिंतीला टेकून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "हे परत कधी असतं?"

दर गुरुवारी असायचं, सहा वाजता. कधी नाटकाबद्दल, कधी चित्रांबद्दल, कधी एखाद्या रागाबद्दल, कधी नुसतंच एखाद्या विचाराबद्दल. त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं. आमच्यात कुणी ते घेतलं नाही. आमच्यात त्याला 'गुरुवारचं' म्हणत.

दोन-तीन आठवड्यांत शेवंताकाकी यायला लागली. निवडायची मेथी घेऊनच यायची, म्हणजे घरी सांगायला कारण. मग तिनं आपली चूलच गुरुवारपुरती मागं सारली. नवरा काही बोलला असेल, तर ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. मग आणखी एकदोघी. आणि मग खातूनबी, जिच्यामुळे हे सगळं लिहिते आहे.

पण त्याआधी चित्राचा गुरुवार सांगायलाच हवा. एक चित्रकार एका जुन्या चित्राबद्दल बोलत होते. रेडिओवर चित्र! आम्ही ते पाहिलेलं नाही, पाहणार नाही. खिडकीतून उजेड येतो आणि बाईच्या एका गालावर पडतो, दुसरा गाल अंधारात आहे, आणि चित्र खरं तर त्या अंधारातल्या गालाचं आहे, असं ते म्हणाले. कार्यक्रम संपला आणि भांडण लागलं. शेवंताकाकी म्हणाली, अंधारातला गाल काढायला रंग कशाला लागतो, तो न काढलेलाच असणार. दुसरी म्हणाली, बाईला दुसरा गाल नव्हताच, भाजला असणार. बाई म्हातारी की तरणी, यावर दोन तट पडले. आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुऱ्हाळावर न्याहारी घेऊन गेले तर ती ढेपांच्या थप्पीपुढे उभी होती. दारातून ऊन आलं होतं. गुळाच्या ढेपेची एक बाजू सोन्यासारखी, दुसरी काळी. मला बघून तिनं हनुवटीनं त्या काळ्या बाजूकडे खूण केली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पुढे मी कितीतरी चित्रं प्रदर्शनात उभी राहून पाहिली तेव्हाही झाला नाही.

खातूनबी पिंजाऱ्याची. नवरा कापूस पिंजायचा आणि ती रजया शिवायची. थंडी हा तिचा हंगाम, तसा आप्पांचाही. एकेका घरी दोन-दोन दिवस बसून ती शिवायची, म्हणजे हिवाळाभर तिची मांडी गावातल्या सगळ्या सोप्यांवर. आमच्याकडे शिवत असताना तिनं पहिलं 'गुरुवारचं' ऐकलं, आणि शुक्रवारी ते दुसऱ्या घरी सांगितलं. शनिवारी तिसऱ्या. तिचा आवाज मोठा होता, पिंजणीच्या टणत्काराशी आयुष्यभर भांडून कमावलेला. तिचं सांगणं ऐकायला माणसं थांबायची. फक्त घरागणिक त्यात भर पडायची. रेडिओवर सांगितलेल्या एका कथेत नायक घर सोडून जातो एवढंच होतं. ती कथा वरच्या आळीत पोचेपर्यंत नायकाबरोबर एक गाभण म्हैसही निघाली होती. शेवंताकाकीनं तिला धरलं. म्हणाली, "म्हस कुठनं आणलीस?" खातूनबी शांतपणे म्हणाली, "मानूस घर सोडतंय म्हंजे किती वाईट वाटत आसंल, त्ये लोकास्नी कळंना. म्हस घातली, मग कळलं."



एका गुरुवारी निवेदिकेनं श्रोत्यांना विचारलं, वाचलेलं आणि ऐकलेलं यात तुम्हाला जवळचं काय? कळवा. मी त्याच संध्याकाळी कार्ड लिहिलं. माझं मत लिहिलं नाही, ते त्या वयात पुस्तकी होतं. खातूनबीचं लिहिलं, म्हशीसकट. आणि विसरून गेले. तर काही आठवड्यांनी भर दुपारी आमच्या दारात जीप. केंद्रावरचे एक तरुण गृहस्थ आवाज घेण्याचं यंत्र घेऊन उतरले आणि म्हणाले, कार्डातल्या बाई कुठे आहेत?

बाई शेवंताकाकीच्या सोप्यावर रजई शिवत होत्या. त्या उठल्या नाहीत. बोलायचंच आहे ना, मग हात कशाला थांबवायचा, असं त्यांचं म्हणणं. गृहस्थांनी तिच्यापुढे बोलायचं यंत्र धरलं आणि ती बोलली. अर्धा तास बोलली. आम्हाला काही कळलं नाही, कारण त्यांनी सगळ्यांना अंगणापलीकडे उभं केलं होतं. शेवटी तिनं मागणी केली की आत गेलेला आवाज एकदा ऐकवा. ते म्हणाले, वेळ नाही, पुढे आजऱ्याला जायचं आहे. यातलं दोन मिनिटांचं घेऊ, तेही वेळ उरला तर. पुढच्या गुरुवारी ऐका.

'वेळ उरला तर' हे शब्द मी ऐकले. खातूनबीनं ऐकले नाहीत, किंवा ऐकून सोडून दिले. आठवडाभर ती ज्या ज्या घरी बसली त्या त्या घरी तिनं सांगितलं, गुरुवारी माझा आवाज येणार. गाव ते सोडतंय होय. तिठ्यावर तिला बघून कुणीतरी म्हणायचं, खातूनबी, हळू बोल गं, रेडिओची काच तडकंल. कुणी म्हणायचं, एवढ्या लांबनं कशाला, तू दारात उभारून बोललीस तरी केंद्रापतूर पोचतंय की. तिचा नवरा साधा माणूस, तोही वैतागला. आवाज आला नाही तर हिवाळाभर कुठल्या तोंडानं दारोदार जाणार, असं त्यानं आईला येऊन विचारलं. खातूनबी हसण्यावारी न्यायची. पण बुधवारी रजईला टाके घालता घालता ती मला हळूच म्हणाली, "सुमे, सगळं गाव माझा आवाज ऐकतंय जनमभर. मी कवा ऐकलाच न्हाय की गं."

एवढंच होतं ते. तिला तिचा आवाज ऐकायचा होता.

आता अडचण मोटारीची. आमचं गुऱ्हाळ घरामागे, एक शेत सोडून. चरक फिरवायला विजेची मोटार होती आणि तिचा स्टार्टर जुना, ठिणग्या उडवणारा. मोटार सुरू असली की रेडिओत खर्रर्र सोडून काही ऐकू येत नसे. बाकीच्या गुरुवारी आम्ही आप्पांच्या हातापाया पडून ती थोडा वेळ थांबवून घेत असू. कधी थांबायची, कधी नाही. रस उभा राहिला की आंबतो, पुढची काहील खोळंबते, माणसं बसून राहतात. आप्पांच्या दृष्टीनं कविता आणि काहील यांत कुणी थांबायचं हे उघड होतं.

पण या गुरुवारचं काम मी हातात घेतलं. तेव्हाही मला अशी कामं आवडायची. रेडिओचा परवाना, बॅटरी, एरियलची तार कौलावरून नीट ताणली आहे का, सतरंज्या किती लागतील. बुधवारीच आप्पांना गाठलं आणि त्यांच्याकडून शब्द घेतला: उद्या 'गुरुवारचं' आहे, मोटार अर्धा तास बंद. आप्पांनी मान हलवली. आप्पांनी शब्द दिला म्हणजे झालं. त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या वर्षी रमजान थंडीतच आला होता. खातूनबीचा रोजा. म्हणजे योग बघा कसा: आमचं घर दिवस बुडायच्या आत जेवून मोकळं, खातूनबी दिवस बुडाल्यावर तोंडात पाणी घालणार, आणि कार्यक्रम बरोबर त्या फटीत. आईनं दिवस असतानाच तिच्यासाठी शिरा करून झाकून ठेवला. चूल पुन्हा पेटवणार नव्हती, पण उपाशी पोटी आलेल्या बाईला रिकामं पाठवणारही नव्हती. खातूनबी आली ती पदराच्या गाठीत खजूर बांधून. सोपा भरला होता. अंगणातही बायका. ज्यांनी चेष्टा केली होती त्या आधी येऊन पुढे बसल्या होत्या.

मी कॉलेजातून आले तेव्हा गुऱ्हाळ शांत होतं. मला इतका आनंद झाला. आप्पांनी शब्द पाळला! आई म्हणाली, "लवकरच बंद केलेलं दिसतंय." मी म्हटलं, बरंच झालं की.

सहा वाजले. तबकडीमागचा दिवा लागला. काटा अगदी केसाएवढा इकडे-तिकडे झाला तरी स्टेशन निसटायचं, म्हणून मी बटण बोटांत धरूनच बसले होते. सुरावट झाली. निवेदिका आली, नमस्कार म्हणाली. आज ऐकू या श्रोत्यांची मतं, वाचलेलं आणि ऐकलेलं. कुणीतरी खातूनबीच्या पाठीत गुद्दा घातला. आधी एक प्राध्यापक बोलायला लागले. ऐकलेली गोष्ट तोंडोतोंडी बदलत जाते, छापलेला शब्द मात्र...

खर्रर्र.

मी काटा हलवला. खर्रर्र. मागच्या शेतापलीकडे मोटार घरघरत होती.

मी उठायला लागले तर खातूनबीनं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. म्हणाली, "तू काटा धर. मी जाते." आणि पदर खोचून ती पळत सुटली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, पायात वहाणा नाहीत, आणि शेतात तोडलेल्या उसाचे टोकदार खुंट.

पुढचं मी पाहिलं नाही. आप्पांनी, गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं आणि खुद्द खातूनबीनं इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. ती काहिलीच्या वाफेतून आत शिरली तेव्हा आप्पा चरकात मोळी सारत होते. ती ओरडली, मोटार बंद करा. आप्पा म्हणाले, "केलती की. अर्धा तास पुरा बंद ठेवली. आत्ताच लावली."

"अवो, कारेक्रम आत्ता लागलाय!"

"मग? येळंच्या आधी उरकल्यालं बरं असतंय. म्हनून तर साडेपाचलाच बंद केलती."

जन्मभराची सवय. आमच्या घरात कुठलीही चांगली गोष्ट दिवस बुडायच्या आत, आणि जमल्यास त्याच्याही आधी उरकायची. आप्पांनी रेडिओचा कार्यक्रमही जेवणासारखा आधी उरकून टाकला होता. खातूनबीला धाप लागली होती, तरी ती म्हणाली, "आप्पा, रेडिओवाल्यास्नी काय दिवस बुडायच्या आत जेवायचं हाय व्हय?"

गुळव्या सांगतो, काहिलीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना हसू फुटलं आणि आप्पांना मात्र नाही. ते मोळी टाकून स्टार्टरपाशी गेले आणि त्यांनी स्वतः खटका ओढला.

इकडे आमच्या सोप्यावर एकाएकी प्राध्यापक स्वच्छ झाले. त्यांचं शेवटचं वाक्य चाललं होतं. मग निवेदिका म्हणाली, आता गडमुडशिंगीच्या एक श्रोत्या. आणि जरा थांबली.

"मी खातूनबी. गाद्या-रजया शिवते."

तो आवाज तिचाच होता आणि तिचा नव्हताही. तिचं अंग, तिचे हातवारे, तिची सुई, सगळं वजा करून उरलेला आवाज. मागे रजईच्या कापडाची सळसळसुद्धा ऐकू येत होती. ती म्हणत होती, पुस्तकाला डोळे लागतात आणि हात लागतात. माझे डोळे नि हात रजईत गुंतलेले. कान तेवढे माझे. ऐकलेलं मी दुसऱ्या घरी सांगते, त्यात कमी-जास्त होतं. लोक म्हणतात, तू बदलतेस. मग एक क्षण टाका घातल्यासारखी थांबून:

"दाबल्याला कापूस जसाच्या तसा खोळीत भरला तर थंडी न्हाय जात. त्यो पिंजायला लागतोय. ऐकल्यालं पन तसंच हाय. मी पिंजून देते."

त्याच वेळी, मोटार बंद असल्यामुळे, गावातल्या मशिदीतली बांग शेतं ओलांडून आमच्या अंगणापर्यंत आली. एका कानात बांग, एका कानात खातूनबी. मी आईकडे पाहिलं. ती रेडिओकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

गुऱ्हाळावर आप्पांनी चरकाखालचा ताज्या रसाचा पेला भरून खातूनबीपुढे धरला होता. म्हणाले, आधी रोजा सोड. तिनं बिस्मिल्ला म्हणून तो तिथंच उभ्यानं प्यायला. म्हणजे तिचा आवाज जगभर जात होता तेव्हा ती रस पीत होती.

ती परत आली तेव्हा पुढचे श्रोते बोलत होते. ओठांवर रसाचा फेस, पदराच्या गाठीत खजूर तसेच, पायातून रक्त. तिनं विचारलं, "आलं का माझं?"

शेवटी शेवंताकाकी म्हणाली, "यिऊन गेलं गं."

ती उंबऱ्यावर खाली बसली. रेडिओ चालू होता, पण आता तो कुणीच ऐकत नव्हतं. तिला चिडवणाऱ्या बायकांपैकी एकीनं तिच्या पायाला पाणी लावलं. मी बटण सोडलं. एरियल होती, बॅटरी होती, सतरंज्या होत्या, आणि एवढं एक राहिलं होतं. गावात तेव्हा टेपरेकॉर्डर कुणाकडे नव्हता. हवेतून आलेलं हवेत गेलं.

आणि मग माझी आई बोलायला लागली. आई, जी चित्राच्या गुरुवारी नुसती हनुवटी हलवून थांबली होती. ती खातूनबीसमोर येऊन बसली, शिऱ्याची वाटी तिच्या हातात दिली, आणि निवेदिकेच्या सुरात म्हणाली, नमस्कार. मग ती प्राध्यापक झाली, त्यांच्या खोकल्यासकट. मग तिनं गळ्यातून खर्रर्र काढली, इतकी हुबेहूब की अंगणातली पोरं हसली. मग खटका. मग एक थांबणं. मग खातूनबी, टाक्याटाक्यानं, एक शब्द न गाळता.

खातूनबी घास हातात धरून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "असं न्हाय म्हटलं मी."

"म्हटलंस," आई म्हणाली.

"पिंजून देते, असं?"

"असंच."

खातूनबीनं सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग ती म्हणाली, "व्हय? मग बरं म्हटलं की मी." आणि घास तोंडात घातला.

तोपर्यंत आप्पाही मागच्या दारात येऊन उभे होते. गुळव्या आला, मोटार लावू का म्हणून विचारायला. आप्पा म्हणाले, थांब जरा. आणि आईला म्हणाले, पहिल्यापासनं सांग. त्या संध्याकाळी चरक पुन्हा सुरू झाला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. रस थोडा आंबला. त्या काहिलीचा गूळ काळा निघाला. आप्पांनी तो विकायला नेला नाही, घरी ठेवला, आणि आम्ही तो उन्हाळाभर खाल्ला.

तेव्हापासून दर हिवाळ्याला, रजई शिवून झाली की खातूनबी आईला म्हणायची, "आक्का, त्ये सांगा की." आणि आई सांगायची. माझं लग्न झालं, मी कोल्हापुरात आले, रजया इकडे शिवून घ्यायला लागले, तर आई त्या दिवशी मुद्दाम यायची. आमच्याकडे टीव्ही आला. टेप आला, मुलं एकच गाणं दिवसभर मागेपुढे फिरवत बसतात. पण ती दोन मिनिटं आमच्याकडे कुठल्याही फितीवर नाहीत. ती आईकडे होती.

हे इथवर लिहिलं आणि रविवार उजाडला. खातूनबीच्या मुलानं, रशीदनं, गच्चीवर पिंजण लावली. तिचा टणत्कार गल्लीभर घुमला आणि कापूस धुक्यासारखा वर उठला. खातूनबी आता सुईत दोरा ओवायला मला बोलावते, पण टाका अजून सरळ. दुपारी चारपर्यंत रजई झाली. तिनं दोरा दातानं तोडला, मांडीवरचा कापूस झटकला, भिंतीला टेकली आणि माझ्याकडे बघितलं.

मी मुद्दे काढून ठेवले होते. कागद तसाच घडी करून ठेवला आणि सुरुवात केली. नमस्कार. आज ऐकू या. मग प्राध्यापक, खोकला. छापलेला शब्द मात्र. मग मी सरळ खातूनबीवर आले. "मी खातूनबी, गाद्या-रजया..."

"थांब," ती म्हणाली. "खरखर ऱ्हायली."

मी म्हटलं, ती कशाला, ती काय कार्यक्रमातली थोडीच होती.

"वा गं," खातूनबी म्हणाली. "खरखर न्हाय, तर मी पळाले कशाला?"

रशीद पिंजण खाली ठेवून हसत होता. माझी मुलं दारात येऊन उभी राहिली होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नमस्कार, आज ऐकू या, प्राध्यापक, खोकला. मग मी मान खाली घातली आणि आईनं काढली होती तशी, गळ्याच्या पार तळातून, जोरात खर्रर्र काढली.

खातूनबीनं पदर खोचला.